पाणी कुठून येतं, एवढंच लिहून आणा

सामाजिक भूगोलाच्या पहिल्या तासाला मी व्याख्या लिहून देत नाही. फळ्यावर पाच प्रश्न लिहिते. घरात पाणी कुठून येतं? किती वाजता येतं? किती वेळ असतं? कोण भरतं? आणि जिथून भरता ती जागा दारापासून किती पावलांवर आहे? कागदावर नाव घालायचं नाही, फक्त परिसर लिहायचा. दुसऱ्या दिवशी येताना कागद टेबलावर उपडे ठेवायचे.

"मॅडम, पहिल्या युनिटला सामाजिक भूगोलाचं स्वरूप आणि व्याप्ती आहे ना?" असं दुसऱ्या वर्षाच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतंच. आहे. त्या कागदांत ते सगळं आहे. मी पुण्यात हा विषय सोळा वर्षं शिकवते आहे. त्यातली पहिली नऊ वर्षं तासिका तत्त्वावर गेली, सकाळी हडपसरच्या बाजूला आणि दुपारी कर्वे रस्त्याला, मधे पीएमपीची बस. या शहराचे थर मी त्या बसच्या खिडकीतून बघितले आणि मग पुस्तकात जाऊन त्यांची नावं शोधली. मुलांनीही त्याच क्रमाने शिकावं असं मला मनापासून वाटतं.

यंदाचे चार कागद मी वेगळे काढून ठेवलेत.

कोथरूडचा: "पाणी टाकीतून येतं. चोवीस तास असतं. भरावं लागत नाही. शून्य पावलं."

पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीतला: "पहाटे येतं. आई भरते, मोठी कळशी असली तर मी. पावलं नाही मोजली, पायऱ्या मोजल्या. सदुसष्ट."

किरकटवाडीचा: "नळाचं पाणी वापरायला. प्यायला जार. आधी नळाचंच प्यायचो."

चौथा लातूरच्या मुलाचा. तो सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, एका खोलीत पाच जण. "मालकांनी सकाळचा एक तास ठरवून दिलाय. त्यातच आंघोळ आणि कपडे." आणि खाली, मी न विचारलेलं: "२०१६ ला आमच्या गावाला रेल्वेने पाणी आलं होतं. मी चौथीत होतो."

ही चार मुलं एकाच वर्गात बसतात आणि जिन्याखालच्या एकाच कूलरमधून बाटल्या भरतात.

आता विषयाकडे येते. पुण्याला पाणी कुठून येतं, याचं प्राकृतिक भूगोलाचं उत्तर सरळ आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस पडतो, पूर्वेकडे उतार आहे, मुठेच्या खोऱ्यात टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला ही चार धरणं आहेत. लातूरच्या त्या आठवणीतलं गाव सोडलं तर बाकी कागदांमागचं पाणी याच खोऱ्यातलं. पाऊस एक, नदी एक, मग कोथरूडला शून्य पावलं आणि पर्वतीला सदुसष्ट पायऱ्या का? इथे पर्जन्यमानाचा तक्ता उपयोगी पडत नाही. जलवाहिनी आधी कुठे गेली, कुणाच्या घराला कायदेशीर जोड मिळाला, कोण किती उंचावर राहतो, तिथेच त्याला जागा का मिळाली, घरातलं कोण पहाटे उठतं, हे विचारावं लागतं. माणसांचे गट आणि ते व्यापत असलेला अवकाश, म्हणजे जागा, यांचं एकमेकांशी असलेलं नातं तपासणं, हे सामाजिक भूगोलाचं काम. जात, वर्ग, धर्म, लिंग, भाषा यांनी जागा घडते, आणि घडलेली जागा उलट त्या भेदांना बळ देते किंवा त्यांना तडा देते. परीक्षेत व्याख्या विचारली तर एवढं पुरेल.

पुस्तकात 'सुगम्यता' असा शब्द भेटेल. मी वर्गात 'पोहोच' म्हणते. नकाशावर दोन ठिकाणांमधलं अंतर सगळ्यांना सारखंच असतं, पोहोच मात्र सारखी नसते. हे समजायला पुण्याइतकी चांगली प्रयोगशाळा नाही, आणि त्यासाठी मी मुलांना हौदांपाशी नेते.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजला आंबिल ओढ्यावर तलाव बांधून तिथलं पाणी दगडी-विटांच्या बांधीव नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणलं गेलं. कुठेही पंप नाही, सगळा प्रवास उताराच्या बळावर. वाटेत हवा खेळती राहावी म्हणून उच्छ्वास बांधले. शहरात ठिकठिकाणी हौद. फडके हौद चौक असं आजही रिक्षावाल्याला सांगितलं की तो बरोबर आणून सोडतो. जागांची नावं कशी टिकतात, हा सामाजिक भूगोलातला फार सुंदर भाग आहे, पण आत्ता तिकडे वळत नाही.

हौद सार्वजनिक होते. आता या 'सार्वजनिक' शब्दापाशी थांबा. पाणी भरायला कुणी यायचं आणि कुणी यायचं नाही, हे जातीने ठरलेलं होतं. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. फुलेवाड्यात मुलं पहिल्यांदा तो हौद बघतात तेव्हा त्यांना तो लहान वाटतो, फोटो काढून पुढे सरकतात. मी त्यांना परत बोलावते. हौद इंचभरही हलला नव्हता. त्यातलं पाणी तेच, रस्ता तोच. बदललं होतं ते एवढंच, की त्याच्या काठाशी उभं राहण्याचा हक्क कुणाला आहे. एका माणसाने आपल्या अंगणात एका शहराचा सामाजिक नकाशा बदलायला घेतला, आणि तोही आपल्याच जातीबांधवांचा रोष पत्करून.

तिथेच उभं राहून मी महाडची गोष्ट सांगते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला. तो मांडणारे सीताराम केशव बोले. महाड नगरपालिकेनेही पुढे चवदार तळं खुलं असल्याचं ठरवलं. कागदावर तळं खुलं झालं, काठावर काहीच बदललं नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा तो ठराव जमिनीवर उतरला. पुढे कोर्टकचेरी झाली आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. कायद्यातला अवकाश आणि वावरातला अवकाश यांत किती वर्षांचं अंतर असू शकतं, हे यापेक्षा नेमकं सांगणारं उदाहरण मला जगातल्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळालेलं नाही. आणि ते अंतर नंतरही मिटलं नव्हतं. म्हणून तर १९७०च्या दशकात बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' म्हणत महाराष्ट्रभर गावोगाव हिंडावं लागलं.

माझ्या घरातली गोष्टही याच धाग्यातली आहे.

आजी शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या अलीकडे एका वाड्यात भाड्याने राहायची. दोन खोल्या. वाड्याला आड होता आणि आडावर कोण कधी येणार, कुणी कुठली दोरी वापरायची, याचे नियम होते. वाड्यातली सगळी बिऱ्हाडं एकाच जातीची. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही फुटलं आणि दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. आजी, आजोबा आणि आठ वर्षांचे माझे बाबा अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले. वाडा बसला.

काही महिने एका शाळेत काढल्यावर त्यांना सहकारनगरच्या बाजूला पूरग्रस्तांच्या वसाहतीत जागा मिळाली. शेजारी कोण यावं, हे इथे जातीने ठरवलं नव्हतं. पुरात ज्याचं घर गेलं तो शेजारी. डावीकडे शिंपी, उजवीकडे चांभार कुटुंब, समोर एक मुसलमान दर्जी. आणि सगळ्यांना मिळून एक नळ.

आजीने हे मला अनेकदा सांगितलं, आणि काहीही न लपवता सांगितलं. पहिले काही महिने ती रांगेत उभी राहायची, कळशी भरून घरी आणायची आणि बाहेरून घासून मगच आत घ्यायची. उजवीकडची शेजारीण हे रोज बघत होती. दुसऱ्या वर्षी आजी बाळंत झाली, माझ्या आत्याच्या वेळी. माहेरचं कुणी येऊ शकलं नाही. महिनाभर त्या शेजारणीने दोन्ही घरांचं पाणी भरलं. ती कळशी उंबऱ्याशी ठेवायची आणि निघून जायची. आठव्या-नवव्या दिवशी आजीने तिला आत बोलावलं आणि कळशी ओट्यावर ठेवायला सांगितलं. "मला लाज वाटली," आजी म्हणायची, "तिला नव्हे गं, मला."

पुराने अडीचशे वर्षांची शेजाराची रचना एका दिवसात उसवली, असं मी वर्गात सांगते. लगेच पुढचंही सांगते, कारण अर्धं सांगितलं तर ते खोटं होईल. पुढच्या पिढीत ज्यांना जमलं ते ती वसाहत सोडून गेले आणि पुष्कळदा आपापल्या लोकांच्या सोसायट्यांत गेले. विलगता, म्हणजे गटागटांनी वेगवेगळं राहणं, आपत्तीने मोडते, तशी घराच्या जाहिरातीतल्या एका ओळीने पुन्हा उभीही राहते. भाड्याने खोली शोधणाऱ्या मुलांना आडनाव विचारलं जातं, मांसाहार करता का विचारलं जातं. आमच्या वर्गात ज्यांना हे विचारलं गेलंय त्यांनी हात वर करा म्हटलं, की मी खाली बघते. हात मोजायची मला हिंमत होत नाही.

बाबा अजून तिथेच राहतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. अरण्येश्वरच्या बाजूला टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली, वाहनं एकमेकांवर चढली. बाबा जिन्यात उभे राहून मला फोनवर सांगत होते, "पाणी वर येतंय, आवाज तसाच आहे." तसाच म्हणजे कसा, ते मला विचारावं लागलं नाही. शनिवारवाड्याला पाणी पाजणारा तो हाच ओढा. मधल्या काळात त्याच्या काठावर घरं दाटली, पात्र आवळलं गेलं. त्याच्या आदल्याच वर्षी, २७ सप्टेंबर २०१८ ला, मुठा उजवा कॅनॉल फुटून दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतली घरं वाहून गेली होती. कॅनॉलच्या काठाला, ओढ्याच्या पुररेषेत, टेकडीच्या उतारावर कोण राहतं? ज्याला दुसरीकडे जागा परवडत नाही तो. संकट नैसर्गिक असेल, पण त्याच्या वाटेत कुणाचं घर येणार हे आधीच ठरलेलं असतं. परीक्षेत 'आपत्ती आणि असुरक्षितता' यावर टीप आली तर सप्टेंबरमधले हे दोन प्रसंग लिहा.

किरकटवाडीच्या कागदाकडे येते. त्यासाठी आधी लंडनला जावं लागतं. १८५४ साली सोहो भागात कॉलरा आला आणि सहाशेहून जास्त माणसं मेली. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने मृत्यू झाला ती घरं नकाशावर मांडली, तर ती ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती दाटलेली दिसली. नकाशाची ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्यातले अपवाद जास्त महत्त्वाचे वाटतात. पंपाजवळच्याच अनाथ-गरिबांच्या आश्रमात फार थोडे दगावले, कारण त्यांची स्वतःची विहीर होती. शेजारच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार वाचले, त्यांनाही पंपाची गरज नव्हती. उलट कित्येक मैल दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा मेली. तिला त्याच पंपाचं पाणी आवडायचं म्हणून ती ते मुद्दाम मागवून घ्यायची. म्हणजे अंतराने सगळं उलगडत नाही. कोण कुणाचं पाणी पितो हे कळलं, तर ठिपक्यांना अर्थ येतो.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया-बारे सिंड्रोमचे, आपण जीबीएस म्हणतो त्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण एकाएकी वाढले. किरकटवाडी, नांदेड, धायरी, खडकवासला ही नावं रोज पेपरात येत होती. दूषित पाण्यावर संशय होता आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. ज्या विहिरीचं पाणी क्लोरीन टाकून या भागात दिलं जात होतं, तिच्यावर सगळ्यांचं लक्ष गेलं. आता या गावांचा भूगोल बघा. धरण हाकेच्या अंतरावर. २०२१ साली आणखी २३ गावं महानगरपालिकेत आली, त्यांत किरकटवाडीही आली. ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं माप धरतात आणि शहरासाठी १३५ लिटरचं. हद्दीची रेघ हलली की माणूस कागदावर एका मापातून दुसऱ्या मापात जातो. पाइप त्या वेगाने जात नाही. आमचा तो मुलगा धरणाच्या कुशीत राहतो आणि वीस लिटरचा जार विकत घेतो.

शहरांची प्रारूपं, म्हणजे शहर कसं वाढतं ते दाखवणाऱ्या आकृत्या, तुम्हाला अभ्यासावी लागतील. बर्जेसची वर्तुळं १९२५ ची, हॉइटचे मध्यापासून बाहेर पसरणारे पट्टे १९३९ चे, हॅरिस आणि उल्मन यांची अनेक केंद्रं १९४५ ची. पाठ करा, आकृत्या काढा, मार्क मिळतात. पण ती अमेरिकेतल्या शहरांवरून बांधलेली आहेत. पुण्यात १८१७ नंतर पेठांच्या शेजारी लष्कराचा कॅम्प वसला आणि एका शहराची दोन शहरं झाली, हे तिसऱ्या प्रारूपात थोडंफार बसतं. पेठांच्या आत तांबट आळी, बुरूड आळी, कुंभारवाडा का आहे, हे कशातच बसत नाही. तिथे तुम्हाला जात आणि धंदा यांच्या जोडीने विचार करावा लागेल.

प्रारूपांपेक्षा मला स्वीडनच्या हेगरस्ट्रँड या भूगोलतज्ज्ञाची कल्पना जवळची वाटते. १९७० च्या सुमाराला त्याने मांडलं की माणसाचा दिवस ही अवकाशात आणि काळात मिळून काढलेली एक रेघ असते, आणि काही बंधनं ती रेघ आखडतात. जनता वसाहतीतल्या त्या आईच्या दिवसाची रेघ काढून बघा. पहाटे पाणी, सहाला धुण्याभांड्याची पहिली घरं, दुपारी दोन तास मोकळे, पण त्या दोन तासांत नळाला पाणी नसतं. तिला शिवणाचा क्लास लावायचा आहे, असं मुलीने मला नंतर सांगितलं. क्लास पाचशे मीटरवर आहे. तिच्या रेघेत तो बसत नाही. 'कोण भरतं' या प्रश्नापुढे जवळजवळ सगळ्या कागदांवर 'आई' लिहिलेलं असतं, आणि ते लिहिताना मुलांना काही विशेष लिहिल्यासारखं वाटत नाही.

क्षेत्रभेटीला जाताना एवढं सांभाळा. जनगणनेत पाण्याची जागा तीन प्रकारांत विचारतात: आवारात, आवाराजवळ आणि दूर. शहरात शंभर मीटरच्या आत असेल तर जवळ, खेड्यात पाचशे मीटरच्या आत. हीच मापं वापरा, म्हणजे तुमची आकडेवारी जनगणनेच्या शेजारी ठेवता येईल. पण चढ, पायऱ्या आणि रांगेतला वेळ वेगळा लिहा, तो त्या तीन रकान्यांत मावत नाही. दारात उभ्या उभ्या जात विचारू नका. पाण्याच्या वेळेला मुलाखत मागू नका, कुणाची कळशी अडेल. आणि कुणी पाणी पुढे केलं तर प्या.

कोथरूडचा मुलगा गेल्या आठवड्यात स्वतःहून दुसरा कागद घेऊन आला. 'टाकीत कुठून येतं' एवढंच मी त्याला विचारलं होतं. त्याने 'शून्य पावलं' वर काट मारली होती. खाली निळ्या शाईत लिहिलं होतं: "वॉचमनकाका पहाटे पाचला उठून मोटर लावतात, टाकी भरेपर्यंत तिथेच थांबतात. ते परभणीचे आहेत. जिन्याखाली त्यांची खोली आहे, तिथे नळ नाही. काकू पार्किंगमधल्या नळावरून भरतात. मी चालून बघितलं. अठ्ठावीस पावलं."